आम्ही की आपण?

5 एप्रिल, रविवार

पेसाहचे, म्हणजे मिसरातल्या (इजिप्तमधल्या) गुलामीतून सुटल्याच्या आम्हा ज्यूंच्या सणाचे, पहिले दोन दिवस आणि त्यांना लागूनच शब्बाथ, शनिवारचा विसाव्याचा दिवस. तीन दिवस लिहायचं नाही, म्हणून बुधवारच्या रात्रीचं आज लिहितेय.

शेजारच्या काकू पहिल्यांदाच पेसाहच्या जेवणाला आल्या होत्या. ताटातल्या हारोसेथकडे बघून म्हणाल्या, "हे गोडाचं काय गं?" खजूर शिजवून, गाळून, आटवून केलेला काळसर दाट रस. "विटांचा गारा," मी म्हटलं. त्या दचकल्याच.

मग सांगितलं. आमचे पूर्वज मिसरात फारो राजासाठी पिथोम आणि रामसेस ही नगरं बांधायचे, त्या चिखलाची ही आठवण. आमच्या पुढाऱ्यानं, मोशेनं लोकांना सोड म्हटल्यावर फारोनं काय केलं, तर विटांच्या मातीत मिसळायचं काड देणं बंद केलं. काड तुमचं तुम्ही शोधा, रोजच्या विटा मात्र तेवढ्याच पडल्या पाहिजेत. दरवर्षी मी इथंच अडते. देवानं फारोवर धाडलेल्या दहा पीडा, सुटताना दुभंगलेला समुद्र, सगळं थोरच; पण गुलामी म्हणजे काय ते मला त्या काडावरून कळतं. उन्हात धसकटं वेचत फिरणारी एखादी बाई डोळ्यांपुढून हलत नाही.

त्या रात्री लहानांनी विचारायचे चार ठरलेले प्रश्न भाचीनं विचारले. दादानं उत्तर वाचलं, "अवादीम हाईनू", आणि लगेच मराठीत, आजोबा सांगायचे तसं: "आम्ही मिसरात फारोचे दास होतो." भाची काकूंकडे बघून म्हणाली, "आजी पण बसल्यात ना इथं? मग 'आपण' म्हण की."

दादा थांबला. हिब्रूत ही अडचणच नाही, दोन्हींना एकच शब्द. मराठीत निवडावं लागतं. 'आम्ही' म्हटलं की समोरचं माणूस उंबऱ्याबाहेर, 'आपण' म्हटलं की आत.

आजोबांचं 'आम्ही' मला सोडवत नाही. ज्यांच्या पाठीवर वळ उठले ते आमचेच होते. पण त्या रात्री वाचायच्या पोथीच्या, हग्गादाच्या सुरुवातीलाच हाक आहे: भुकेला असेल त्यानं यावं, जेवावं. आणि आमचा धर्मग्रंथ, तोरा बजावते, परक्याला छळू नका, मिसरात तुम्हीही परकेच होतात. नवगावच्या किनाऱ्यावर आमच्या पूर्वजांचं गलबत फुटलं असं आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, मानतो. तेव्हा कोकणात कुणीतरी त्यांना 'आपण' म्हणालंच असेल, त्याशिवाय आज माझ्या तोंडी मराठी कुठून असती?

दादानं ते वाक्य पुन्हा वाचलं, 'आपण' म्हणून. काकूंनी डोक्यावरचा पदर सारखा केला. पुढं कडू पाला हारोसेथमध्ये बुडवून आमच्याबरोबर त्यांनीही खाल्ला.

जाताना त्यांना वाटीभर हारोसेथ दिलं होतं. आज सकाळी वाटी परत आली. रिकामी कशी द्यायची म्हणून तिच्यात द्राक्षं. "लाडू केले होते गं," त्या म्हणाल्या, "पण तुमचे पथ्याचे आठ दिवस संपेपर्यंत ठेवलेत."