घंगाळ घेऊन घाट चढताना

मामाचा फोन आला तेव्हा मी लक्ष्मी रोडवर रिक्षा शोधत उभी होते. "न्हाणीघर पाडतोय," तो म्हणाला. "नवीन बाथरूम करायचंय, पुढच्या आठवड्यात गवंडी येतो. आजीचं घंगाळ आहे ना, ते भंगारवाला किलोवर मागतोय. तुम्हाला हवं असेल तर येऊन घेऊन जा."

आजी म्हणजे मामाची आणि आईची आजी, माझी पणजी. मी तिला पाहिलेलं नाही, पण तिच्या घंगाळातलं, म्हणजे अंघोळीचं पाणी ठेवायच्या त्या मोठ्या तांब्याच्या भांड्यातलं, पाणी मी अंगावर घेतलंय. मे महिन्यात दिवेआगरला गेलं की समुद्रावरून आल्या आल्या न्हाणीघरात पिटाळायचे. चुलीवरचं धुरकट वासाचं पाणी घंगाळात विसणून ठेवलेलं असायचं. ते तांब्याने अंगावर घेतलं की कानातली, बेंबीतली वाळू पायाशी जमा व्हायची. मी मामाला म्हटलं, "देऊ नकोस. शनिवारी येतो."

आई आणि मी शुक्रवारीच निघालो. चांदणी चौक ओलांडून पिरंगुट, पौड, मग मुळशीच्या धरणाचं पाणी उजव्या हाताला धरून ताम्हिणी. हा घाट लोक पावसाळ्यात बघतात. माझ्या मते तो बघावा माघात. धबधबे आटलेले असतात, गाड्यांची रांग नसते, आणि त्या कोरड्या तपकिरी उतारांवर मधेच एखादी काटेसावर लालभडक फुललेली दिसते. झाडावर एक पान नाही, नुसती फुलं, आणि त्यात साळुंक्यांचा गोंधळ. आईने दोनदा गाडी थांबवायला लावली. पुढे विळे, निजामपूर, माणगाव, म्हसळा आणि बोर्ली पंचतन. दुपारच्या जेवणाला आम्ही मामाच्या ओटीवर होतो.

दिवेआगर बदललंय. घरगुती खानावळी, राहायच्या सोयी, पुळणीवर घोडागाड्या. पण मला खरा फरक वाड्यांमध्ये दिसतो. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ याच किनाऱ्यावर चढलं. एका दुपारीत माड-पोफळी आडव्या झाल्या. वादळानंतर मी पहिल्यांदा गेले तेव्हा मामाच्या वाडीत उभं राहिल्यावर थेट आकाश दिसलं. लहानपणापासून त्या वाडीत दुपारी बारालाही हिरवा अंधार असायचा, आणि आता लख्ख ऊन. मामी नुसती विहिरीच्या कठड्यावर बसून होती. पोफळ धरायला पाच-सात वर्षं लागतात. मामाने त्याच पावसात नवी रोपं लावली, आणि या खेपेला त्यातल्या काहींना पहिली शिपुटं, म्हणजे सुपारीचे घोस, आलेली त्याने मला एकेका झाडाशी नेऊन दाखवली. हात उंच करून तो ती मोजत होता. त्या वेळी मला त्याला घंगाळाबद्दल एक शब्द बोलावासा वाटला नाही. ज्याने वाडी पुन्हा उभी केली त्याने न्हाणीघर पाडलं तर त्यात वाईट वाटून घ्यायचं काय?

घंगाळ मागीलदारी उपडं पडलं होतं. खाऱ्या वाऱ्याने अंगभर हिरवा थर चढलेला, बुडाशी एक चीर, आणि दोन कड्यांपैकी एकच शिल्लक. उचलायला दोघं लागलो.

संध्याकाळी रूपनारायणाच्या देवळात गेलो. शिलाहारांच्या काळातली ही विष्णुमूर्ती, प्रभावळीत दशावतार. गर्दी गावातल्या सुवर्णगणेशाच्या देवळाकडे असते, म्हणून इथे निवांत बघता येतं. याच गावचा शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा ताम्रपट आहे. मराठीतल्या अगदी जुन्या लेखांत तो धरला जातो. लहानपणी मला वाटायचं, ताम्रपट म्हणजे राजाची काहीतरी मोठी गोष्ट. आता वाटतं, गावातल्या माणसांनी ठरवलेली एक गोष्ट टिकावी म्हणून तांब्यावर लिहिली आणि ती साडेनऊशे वर्षांहून जास्त टिकली. त्याच गावात आमचं तांबं भंगारात निघालं होतं, हे मनातून जाईना.

दुसऱ्या दिवशी हरिहरेश्वर. शेखाडीवरून श्रीवर्धनकडे जाणारा रस्ता समुद्राला इतका लगटून जातो की आई काच खाली करून पूर्ण वेळ बाहेर बघत होती. श्रीवर्धन हे बाळाजी विश्वनाथ भटांचं गाव. इथला देशमुख घाट चढून गेला आणि 1713 मध्ये पेशवा झाला. रोठा सुपारीसाठी आम्ही बाजारात थांबलो. दुकान म्हणजे एक अंधारी खोली, जमिनीवर पोतं पसरलेलं आणि त्यावर तीन ढीग. दुकानदारकाकांनी एक सुपारी अडकित्त्यात धरून कातरली आणि अर्धी फोड माझ्या तळहातावर ठेवली. पांढऱ्या गरात तपकिरी शिरांची नक्षी. "पांढरं जास्त तेवढी गोड," म्हणाले. "तोंडात धरा, चावू नका." खरंच, मऊ पडत गेली.

हरिहरेश्वरला पोचलो तेव्हा नऊ वाजले होते आणि आमचा बेत फसला. प्रदक्षिणेची वाट देवळामागच्या टेकडीवरून चढते आणि मग कड्यांमधल्या अरुंद पायऱ्यांनी थेट समुद्राच्या खडकांवर उतरते. खाली पाणीच पाणी होतं. लाट आली की पायऱ्यांच्या फटीतून फेस वर उसळायचा. नारळ विकणाऱ्या मावशींनी आम्हाला खाली उतरूच दिलं नाही.

"आज तिथी काय?" त्यांनी विचारलं.

आई म्हणाली, "द्वादशी."

"मग बाराची पाऊणपट नऊ. नवाला पुरी भरती. आता तीनाला ओहोटी. दोन वाजता या नि फिरा."

मी मोबाइलवर भरतीचं वेळापत्रक उघडून बघितलं, काही मिनिटांचा फरक होता. तिथीची पाऊणपट. माझी आई कोकणात वाढली, तिलाही हा हिशेब येत होता, फक्त चाळीस-पंचेचाळीस वर्षं पुण्यात राहून तो कधी लागला नव्हता. "आमचे अण्णा रोज सकाळी पंचांग बघून हेच पुटपुटायचे," ती म्हणाली, आणि मग बोटांवर चतुर्थीची, अष्टमीची, एकादशीची भरती काढत बसली. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. हरिहरेश्वरहून मी काय आणलं असेल तर हे.

दोनला उतरलो. जिथे सकाळी फेस होता तिथे आता काळा खडक उघडा, लाटांनी पोखरून मधाच्या पोळ्यासारखा केलेला. खळग्यांत पाणी साचलेलं, त्यात बोटाएवढे मासे अडकलेले. आई पायातली चप्पल हातात घेऊन चालत होती. मी तिला हात दिला, तिने घेतला नाही.

रविवारी पहाटे पाचला निघालो. घंगाळ मागच्या सीटवर, खाली गोधडी, आणि सीटबेल्टने बांधलेलं. ताम्हिणी चढून निव्याला आलो की डावीकडे भांबर्ड्याचा रस्ता फुटतो. तिकडे एकोल्याजवळ घनगड आहे. मला तो बघायचाच होता, आणि आईची हरकत नव्हती, फक्त तिने बजावलं की ती गारजाईच्या देवळापर्यंतच येणार. गावातून देवळापर्यंतची वाट झाडीतली, सोपी. ती तिथे पारावर पंचांग घेऊन बसली. हो, मामाकडून पंचांग मागून आणलं होतं.

वर गडाचा विस्तार फार नाही. मोडक्या दरवाज्यापलीकडे कड्यापासून सुटून तिरकी टेकलेली एक प्रचंड शिळा आहे, तिच्या सावलीत गारवा असतो. तिथून पुढचा कातळ लोखंडी शिडीने चढायचा. शिडी उभी आहे आणि खाली दरी आहे, तेव्हा एकट्याने आणि पावसात जाऊ नये असं मी मनापासून सांगते. माथ्यावर पोचले तेव्हा समोर तैलबैला किल्ल्याच्या त्या दोन कातळभिंती उन्हात तांबूस झाल्या होत्या. त्यांच्या पलीकडे सुधागड, आणखी दूर सरसगड, आणि खाली धुक्यात बुडालेलं कोकण.

त्या भिंतींच्या बाजूने वाघजाईचा आणि सवाष्णीचा असे दोन घाट खाली पालीकडे उतरतात. सह्याद्रीच्या या धारेवर अशा कितीतरी वाटा आहेत. बैलांच्या पाठीवर मीठ वर यायचं, धान्य खाली जायचं. घनगडासारखे किल्ले त्या वाटांवर नजर ठेवायला. सवाष्णीचा घाट हे नाव मला फार आवडतं. कुठल्या सवाष्णीवरून पडलं ते गावात विचारलं तर प्रत्येकाने वेगळी गोष्ट सांगितली. पण घाट उतरून सासरी गेलेल्या बायकांची गोष्ट आमच्याही घरात होती, आणि ती मी त्या दिवसापर्यंत नीट ऐकली नव्हती. खाली उतरून देवळाशी डबा सोडला तेव्हा आईने सांगितली. तिची आजी पुण्याची, कसब्यातली. लग्न होऊन दिवेआगरला गेली ती पुण्याहून मुंबई आगगाडीने, मुंबईहून बोटीने आणि पुढे बैलगाडीने. दोन रात्री प्रवासात. माहेरपण म्हणजे पुन्हा तेवढंच. पुढे पुढे ती आलीच नाही.

आम्ही त्या दिवशी दुपारी दोनला घरी होतो.

तांबट आळीला कसबा गणपतीकडून आत शिरलं की आधी कान पोचतात. ठकठक ठकठक, एकाच्या हातोड्याला दुसऱ्याचा उत्तर देतो. पेशवाईत कोकणातून तांबट पुण्यात आले आणि इथे वसले. शनिवारवाडा 1732 मध्ये राहता झाला, त्याच्या आजूबाजूच्या या पेठा अशाच एकेका कामाच्या माणसांनी भरत गेल्या. आता आळीत हातावर मोजण्याइतकी घरं हे काम करतात.

इथे यायला मला एक कारण होतं. काही वर्षांपूर्वी आईचा तांब्या मी एका दुकानात उजळायला दिला होता. त्यांनी यंत्रावर घासून आरशासारखा करून दिला, आणि वरचे मठार पार गेले. तांब्या गुळगुळीत, अनोळखी. आई काही बोलली नाही, पण तो तिने पुन्हा वापरला नाही.

मठार म्हणजे हातोड्याच्या ठोक्यांनी पत्र्यावर उठणारे ते चकाकते ठिपके. ते शोभेचे असतात एवढंच मला माहीत होतं. ज्या काकांकडे आम्ही घंगाळ नेलं त्यांनी सांगितलं, की तापवल्यावर तांबं मऊ पडतं, बोटाने दाबलं तर पोचे येतील इतकं. ते पुन्हा कडक होतं ते ठोक्यांनी. मठार काढले की भांड्याचा जोर गेला. बोलताना ते जमिनीत रोवलेल्या लोखंडी दांड्यावर एक हंडी फिरवत होते. डावा हात हंडी केसभर सरकवायचा, उजवा ठोका द्यायचा. प्रत्येक ठोका आधीच्या ठोक्याला जरासा चाटून पडत होता आणि रांग गोल गोल वर चढत होती. पंधरा मिनिटं आम्ही नुसत्या बघत होतो. एकही ठोका चुकला नाही.

मग त्यांनी घंगाळ पुढ्यात ओढलं, चिंचेचा कोळ आणि मीठ घेऊन काठाजवळ हातभर जागा चोळली आणि पाणी मारलं. हिरव्याखालून गुलाबी तांबं निघालं. अंगठा मठारांवरून फिरवत म्हणाले, "कोकणातलं म्हणालात ना? हे तिकडचं नव्हे, ताई. हे आपल्याकडचं काम आहे." चीर डाग देऊन सांधता येईल म्हणाले. कडी नवीन घडवून देतो, पण जोडीची जुनी हवी असेल तर जुन्या बाजारात बघा.

जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो, मंगळवार पेठेत. बुधवारी ऑफिसला अर्धी रजा टाकून गेले. स्टोव्हचे बर्नर, कुलपं नसलेल्या किल्ल्या, किल्ल्या नसलेली कुलपं, काटे हरवलेली घड्याळं, फोटो काढून घेतलेल्या फ्रेमा. उन्हात दीड तास फिरले. एका ताडपत्रीवर पितळी कड्यांचा ढीगच होता. मी घरची कडी बरोबर नेली होती, एकेक लावून बघत गेले. विकणारे आजोबा माझ्यासोबत शोधू लागले. शेवटी त्यांनीच एक उचलली, माझ्या कडीवर ठेवली, आणि दोन्ही एक झाल्या. "घ्या," म्हणाले, "हिची सोबतीण सापडली." घासाघीस करायला मन झालं नाही.

आठवड्याने घंगाळ घ्यायला आम्ही दोघी गेलो. काकांनी ते दारातल्या उजेडात ठेवलं होतं. चीर कुठे होती ते शोधावं लागत होतं. दोन्ही कड्या जागच्या जागी. "काठाखाली बघा," ते म्हणाले, "घासताना निघालं."

बारीक टिंबांनी घातलेलं नाव होतं. आईने चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला, आणि एकेका टिंबावरून बोट फिरवत अक्षरं लावू लागली. पणजीचं नाव, माहेरचं. सासरी बदललेलं नाव घरात सगळ्यांना पाठ होतं. हे कुणालाच माहीत नव्हतं. त्यापुढे तिच्या वडिलांचं नाव, आणि शेवटी "पुणें", अनुस्वारासकट.

आईने ते तीनदा वाचलं, तिसऱ्यांदा मोठ्याने. आळीत ठोके चालूच होते. काकांनी तेवढा हातातला हातोडा खाली ठेवला.