शिवरस्त्याचे चारशे मीटर आणि नकलेच्या खिडकीवरचे पाच महिने

आमच्या गावाभोवतीचा बारा किलोमीटरचा धावण्याचा मार्ग आज सलग मोकळा आहे. परंतु त्यातील अवघ्या चारशे मीटरसाठी मला भूमी अभिलेख कार्यालयाच्या नकलेच्या, म्हणजे जुन्या नकाशांच्या प्रती देणाऱ्या, खिडकीवर अकरा खेपा घालाव्या लागल्या आणि त्या खेपांचा राग अजून माझ्या मनातून गेलेला नाही. गावाकडे धावणाऱ्यांपैकी कुणाची पाणंद, म्हणजे शेतांमधली वाट, किंवा शिवरस्ता असाच अडला असेल, तर त्याचे पाच महिने वाचावेत म्हणून हे लिहीत आहे.

आधी मार्गाविषयी सांगतो. आमचे गाव कऱ्हेच्या खोऱ्यात आहे. वेशीतून निघून नदीच्या काठाने तीन किलोमीटर गेले की वाट माळावर चढते. उत्तरेला भुलेश्वरची डोंगररांग दिसू लागते आणि वन विभागाच्या कुरणाच्या कडेने बैलगाडीची जुनी चाकोरी सुरू होते. हा चार किलोमीटरचा पट्टा मला सर्वांत प्रिय आहे. दिवाळीनंतर गवत पिवळे पडते, उन्हे तिरपी येतात, टिटव्या पायाजवळून ओरडत उठतात आणि नशीब असेल तर लांबवर चिंकारा क्षणभर थबकून पाहतो. येथील वनरक्षकांना मी आधी भेटून विचारले होते. बाहेरच्या चाकोरीवरून धावण्यास हरकत नाही, आत शिरू नये, एवढेच त्यांनी सांगितले आणि ते काम पाच मिनिटांत झाले. माळ उतरल्यावर शिवरस्ता लागतो. आमचे गाव आणि शेजारचे गाव यांच्या हद्दीवरून तो सव्वादोन किलोमीटर जातो, दोन्ही बाजूंना बोरी-बाभळी आणि सीताफळाच्या बागा आहेत, आणि शेवटी पाणंदीने आपण पुन्हा गावात येतो.

या शिवरस्त्याच्या मधोमध, दोन वर्षांपूर्वी ९ एप्रिल रोजी, शेजारच्या एका खातेदाराने आडवा चर खोदला, चरापलीकडे चारशे मीटरपर्यंत रस्ता नांगरून शेतात घेतला आणि दोन्ही तोंडांना बाभळीच्या फांद्यांची काटेरी कुंपणे घातली. मला वळसा घालून राज्यमार्गाने अडीच किलोमीटर धावणे भाग पडले. ऊस हंगामात या मार्गावर पहाटेपासून दोन-दोन ट्रॉल्या जोडलेले ट्रॅक्टर चालतात, त्यांच्या मागच्या ट्रॉलीला बहुधा दिवा नसतो आणि बाहेर आलेली उसाची टोके कडेने जाणाऱ्याच्या खांद्याला लागतात. तेथे धावणे म्हणजे जिवाशी खेळ होता. माझ्याहून मोठी अडचण चराच्या पलीकडे जमीन असलेल्या सात शेतकऱ्यांची होती. त्यांत माझे चुलते, आमचे आबा, हेही होते.

येथे पहिली गोष्ट ध्यानात घ्यावी. धावणाऱ्याच्या सोयीसाठी कुणी रस्ता मोकळा करून देत नाही आणि तशी अपेक्षाही बरोबर नाही. ज्याच्या शेताची वहिवाट अडली आहे, त्या खातेदाराने अर्जदार व्हावे लागते. आबा अर्जदार झाले, बाकीच्या सहा जणांनी सह्या केल्या आणि धावपळ करण्याचे काम मी स्वतःहून अंगावर घेतले.

गावातल्या भाऊसाहेबांनी, म्हणजे तलाठ्यांनी, जमीन महसूल संहितेच्या कलम १४३ खाली अर्ज करा असे सांगितले आणि आम्ही तसा केला. पंधरा दिवसांनी तो परत आला. तहसील कार्यालयातील एका अव्वल कारकुनाने शांतपणे समजावून दिले, त्याबद्दल मी त्यांचा आभारी आहे. ज्या शेताला मुळात रस्ताच नाही, त्या खातेदाराने इतरांच्या बांधांवरून वाट मागायची असेल तर कलम १४३. आणि रस्ता पूर्वीपासून आहे, पण कुणी अडवला आहे, तर १९०६ च्या मामलेदार (म्हणजे आजचे तहसीलदार) न्यायालय अधिनियमाचे कलम ५. या दुसऱ्या वाटेला एक कडक अट आहे: अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल झाला पाहिजे. आमच्यासाठी ती मुदत ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यानंतर संपत होती. दाव्यासोबत गाव नकाशाची प्रमाणित नक्कल हवी होती. महाभूनकाशा या राज्याच्या जमीन-नकाशांच्या संकेतस्थळावर गटांच्या हद्दी दिसत होत्या, परंतु जुन्या नकाशातील रस्ता दाखवणाऱ्या तुटक रेषा आमच्या शिवेवर उमटलेल्या दिसत नव्हत्या, त्यामुळे मूळ नकाशाचीच नक्कल आवश्यक होती. तिच्यासाठीचा अर्ज मी २२ एप्रिललाच देऊन ठेवला होता.

नकलेची खिडकी भूमी अभिलेख कार्यालयाच्या मागील बाजूस आहे. आत लाकडी मांडणीवर लाल कापडात बांधलेले बस्ते ओळीने ठेवलेले आहेत आणि प्रत्येकावर गावाच्या नावाची चिठ्ठी आहे. आमच्या गावाचा बस्ता मला बाहेरून दिसत असे. वरून दुसरा कप्पा, डावीकडून चौथा. नकला मंगळवारी आणि शुक्रवारी मिळतात असा फलक होता. पहिल्या मंगळवारी अर्ज ठेवून जा म्हणाले. पुढच्या खेपेला अभिलेखपाल रजेवर होते. तिसऱ्या खेपेला शुल्काचे चलन भरून घेतले, तेव्हा काम झाले असे मला वाटले. चौथ्या आणि पाचव्या खेपेला मोजणीची गर्दी असल्याने रेकॉर्डकडे पाहायला माणूस नाही असे सांगण्यात आले. सहाव्या खेपेला, जूनच्या अखेरीस, माझ्या आग्रहावरून बस्ता खाली उतरवला गेला.

तो नकाशा मी आयुष्यात विसरणार नाही. कापडावर चिकटवलेला पिवळट कागद, त्यावर काळ्या शाईतील बारीक आकडे, ओढ्याची निळी रेघ, देवळाची खूण, विहिरींची लहान वर्तुळे. आमच्या आजोबांच्या शेताची हद्द मी बोटाने शोधली. शिवरस्त्याच्या दोन समांतर तुटक रेषा माळापासून खाली स्पष्ट येत होत्या आणि नेमक्या घडीवर, चार बोटे रुंदीच्या जागेत, कागद झडून गेला होता. खाली उघडे कापड होते. घडीच्या पलीकडे त्याच रेषा पुन्हा सुरू होत होत्या. आम्हाला हवे असलेले चारशे मीटर त्या झडलेल्या जागेत होते.

लिपिक म्हणाले, "भाग जीर्ण आहे. याची नक्कल निघणार नाही." मी म्हटले, "जेवढा आहे तेवढ्याची द्या, नाहीतर मिळणार नाही असे लेखी द्या." त्यावर, वरिष्ठांना विचारून सांगतो, असे उत्तर मिळाले. त्यानंतरच्या तीन खेपा या एका उत्तरात गेल्या. नक्कलही नाही आणि नकारही नाही. याच अवस्थेचा मला सर्वाधिक संताप आहे, कारण नकार हाती असता तर पुढचा मार्ग शोधता आला असता आणि इकडे मुदतीचे दिवस संपत होते. त्या दिवसांत मी सकाळी धावायला जात नसे. राज्यमार्गावर जायचे नव्हते, चरापर्यंत जाऊन परत फिरणे सोसवत नव्हते.

१८ जुलै रोजी मी दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून माहिती अधिकाराचा अर्ज दिला आणि माझ्या नकलेच्या अर्जावर काय कार्यवाही झाली एवढाच प्रश्न विचारला. कायद्यातील मुदत तीस दिवसांची. उत्तर एकोणतिसाव्या दिवशी आले. एका वाक्याचे पत्र होते: नकाशा जीर्ण असल्याने मागणी केलेल्या भागाची नक्कल पुरविता येत नाही. हे वाक्य जूनमध्ये त्याच खिडकीवर लिहून देता आले असते. माझा सल्ला असा की दुसऱ्या खेपेलाच लेखी उत्तर मागावे आणि ते न मिळाल्यास त्याच आठवड्यात माहिती अधिकाराचा अर्ज टाकावा. मी भिडेपोटी थांबलो, ती चूक झाली.

तोडगा गणपतीत मिळाला. आरतीनंतर चहाला बसलो असताना गावातील एक निवृत्त मोजणीदार, ज्यांना सगळे अण्णा म्हणतात, त्यांना मी पत्र दाखवले. त्यांनी ते वाचून बाजूला ठेवले आणि म्हणाले, "अरे, शिव काय एकट्या गावाची असते का? ती दोन गावांची. शेजारच्या गावाचा नकाशा मागव, त्यातही तोच रस्ता असणार."

मी दुसऱ्याच दिवशी शेजारच्या गावाच्या नकाशाच्या नकलेचा अर्ज दिला. तो बस्ता त्याच मांडणीवर, आमच्या बस्त्यापासून तिसरा होता. दहा दिवसांत, १९ सप्टेंबरला, नक्कल हाती आली आणि तिच्यात शिवरस्ता माळापासून पाणंदीपर्यंत सलग होता. एवढे महिने त्या खिडकीमागे बसणाऱ्या, रोज नकाशे हाताळणाऱ्या एकाही माणसाला हे मला सांगावेसे वाटले नाही. काम अवघड असते हे मी जाणतो, माणसे कमी आहेत हेही खरे आहे, परंतु हे सांगायला मनुष्यबळ लागत नव्हते.

अण्णांनी आणखी एक गोष्ट शिकवली, जी पुढे निर्णायक ठरली. नकाशावरील तुटक रेषा दुहेरी असेल तर तो गाडीमार्ग आणि त्याची रुंदी साडेसोळा ते एकवीस फूट धरतात. रेषा एकेरी असेल तर तो पायमार्ग आणि त्याची रुंदी सव्वाआठ फूट. हे आकडे विचित्र वाटतात, पण मोजणीची साखळी तेहतीस फुटांची आणि सोळा आण्यांची, म्हणजे सोळा भागांची, म्हणून साडेसोळा म्हणजे अर्धी साखळी आणि सव्वाआठ म्हणजे पाव साखळी. तेहतीस गुणिले तेहतीस म्हणजे १,०८९ चौरस फूट, आपला एक गुंठा. हे समजल्यापासून मला गावातली प्रत्येक वाट साखळीच्या हिशोबाने दिसू लागली आहे.

दावा २३ सप्टेंबरला, मुदत संपायला सोळा दिवस असताना दाखल झाला. पुढचे सुरळीत पार पडले: नोटिसा निघाल्या, दोन तारखा झाल्या, जबाब झाले. डिसेंबरमधील स्थळपाहणीला समोरच्यांनी येथे फक्त पायवाट होती असे सांगितले, तेव्हा आबांनी नकलेवरील दुहेरी रेषेवर बोट ठेवले आणि मंडळ अधिकाऱ्यांनी पंचनाम्यात ते लिहून घेतले. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पूर्ण वाचावा, दिशा आणि गट क्रमांक ताडून पाहावेत. आमच्या मसुद्यात एक गट क्रमांक चुकला होता आणि तो जागेवरच दुरुस्त करून घेतला. जानेवारीत आदेश आमच्या बाजूने झाला. या कायद्यात अपील नाही, फेरतपासणी मागता येते. ती कुणी मागितली नाही. फेब्रुवारीत चर बुजला.

मोकळ्या झालेल्या रस्त्यावरून मी पहिल्यांदा धावलो तो दिवस रविवार होता. नांगरलेल्या मातीत पाय घोट्यापर्यंत रुतत होते, वेग चालण्याइतकाच होता, तरी ते चारशे मीटर मी थांबलो नाही. पलीकडे आबा बैलगाडी जुंपून उभे होते. त्यांनी काही न बोलता कासरा सैल सोडला आणि गाडी माझ्या मागोमाग रस्त्यावर घातली.

या मार्गावर कुणी धावायला आले तर काही गोष्टी सांगून ठेवतो. उसाच्या पट्ट्यांत बिबट्याचा वावर असतो, त्यामुळे पूर्ण उजाडल्याशिवाय निघू नये. माळावर धनगरांचा वाडा, म्हणजे मेंढ्यांसह तळ, उतरलेला असेल तर लांबूनच धावणे थांबवून चालावे आणि हाक द्यावी. मेंढ्या राखणारी कुत्री धावत्या माणसावर येतात, चालत्या माणसाला सहसा काही करत नाहीत. कुसळी गवतातून जाताना उंच मोजे नकोत, कुसळे त्यांत अडकून टोचत राहतात. शिवरस्त्याच्या कडेला हरभरा असेल तर पहाटेच्या आंबेने, म्हणजे त्याच्या पानांवरच्या आंबट दवाने, बूट-मोजे ओले होतात आणि पायाला जुनी जखम असेल तर ती चुरचुरते. बाभळीचा काटा पातळ तळव्यातून आरपार जातो; माझा एकदा गेला आहे, म्हणून जाड तळव्याचेच बूट वापरावेत. नकलेच्या अर्जाची पोच मात्र प्रत्येक वेळी शिक्क्यासह घ्यावी. हे वर लिहायचे राहिले, पण माहिती अधिकारात तीच उपयोगी पडली.

ग्रामपंचायतीने आता हा शिवरस्ता मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजनेत घ्यावा असा ठराव केला आहे. धावणारा म्हणून मला मातीच बरी वाटते, परंतु पावसाळ्यात आबांची गाडी तेथे आखापर्यंत रुतते, त्यामुळे खडीकरण व्हायलाच हवे. ते होईपर्यंत जून ते ऑक्टोबर या काळात काळ्या मातीचा हा पट्टा टाळावा आणि कुरणाच्या टोकापासून आल्या वाटेने नदीकाठी परत यावे. अंतर चौदा किलोमीटर भरते.