आईचे दोन खुबे आणि दोन ब्लॉक

आईचा डावा खुबा २०१७ साली मोडला, उजवा गेल्या वर्षी. दोन्ही वेळा ओल्या मोरीतच. दुसऱ्या वेळी गणपतीचे दिवस होते. लालबागच्या चाळीतल्या तिसऱ्या मजल्यावरून चार पोरांनी तिला चादरीच्या झोळीत उतरवलं. लाकडी जिन्याच्या प्रत्येक वळणावर ती ओरडत होती. अ‍ॅम्ब्युलन्स मंडपाच्या गर्दीत अडकली, तो भाग सोडून देते.

पहिल्या वेळी आम्हाला काही ठाऊक नव्हतं. दाखवतील तिथे सह्या केल्या. कमरेत भूल द्यायला आईला मोडक्या पायानिशी कुशीवर वळवलं, त्या कळा तिला अजून आठवतात, ऑपरेशन आठवत नाही. रॉड टाकून झाल्यावर जांघेत ब्लॉक दिला, म्हणजे नस बधिर करणारं इंजेक्शन. त्याचं नाव मला नंतर डिस्चार्ज कार्डावर कळलं: फॅशिया इलियाका. यात जांघेतल्या पडद्याखाली ३०-४० मिली औषध पसरवतात. मांडीची मुख्य नस आणि बाहेरच्या बाजूच्या कातडीची नस, दोन्ही बधिर होतात. ती रात्र आई शांत झोपली. सकाळी फिजिओने उभं केलं आणि गुडघा घडी घातल्यासारखा दुमडला. मावशींनी धरलं म्हणून वाचली. "हा पाय माझा नाहीच गं," आई म्हणत होती.

या खेपेला भूलतज्ज्ञ डॉक्टर संध्याकाळी येताच मी आधी तेच सांगितलं. त्या खाटेच्या कडेवर बसल्या आणि चक्क कागदावर चित्र काढून दाखवलं. आता पेंग (इंग्रजीत PENG) नावाचा ब्लॉक आहे, २०१८ मध्ये पहिल्यांदा मांडला गेला. औषध साधारण २० मिली, पण खोलवर, हाडाजवळ. तिथे खुब्याच्या सांध्याकडे जाणारे बारीक फाटे असतात, तेवढेच सुन्न होतात. मांडीची ताकद बरीचशी राहते. मी विचारलं, मग सगळ्यांना हाच का नाही देत? म्हणाल्या, मांडीचं हाड मधोमध मोडलं असेल तर याने भागत नाही, तिथे मांडीची मुख्य नसच गाठावी लागते. शिवाय ऑपरेशनच्या चिऱ्याची कातडी यात बधिर होत नाही.

त्यांनी ब्लॉक कमरेतल्या भुलीच्या आधी दिला, सोनोग्राफीत सुई बघत. वीसेक मिनिटांनी आईला आधार देऊन बसवलं, तर ती कण्हली, पण ओरडली नाही. खरं तर मला सर्वांत मोठा फरक इथेच वाटला. पण तो औषधाचा की वेळेचा? २०१७ मध्येही आधीच दिला असता तर कदाचित तेव्हाही ओरडली नसती. म्हणजे माझी तुलना तशी लंगडीच.

चिऱ्याचं मात्र डॉक्टर म्हणाल्या तसंच झालं. रात्री टाक्यांची आग आग झाली. "निम्मीच भूल दिली वाटतं," आई कुरकुरली. बाहेरच्या नसेला वेगळं छोटं इंजेक्शन देता येतं, ते त्यांनी मग रात्री येऊन दिलं. ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध नको म्हणून मी आधीच सांगून ठेवलं होतं. गेल्या खेपेला त्याने तिला उलट्या झाल्या होत्या आणि ती वडिलांना हाका मारत होती. पॅरासिटामॉल मात्र ब्लॉक उतरायच्या आधीपासून वेळेवर चालू ठेवलं.

दुसऱ्या दिवशी वॉकर धरून आई खिडकीपर्यंत गेली. गुडघा टिकला.

दोन्ही ब्लॉकची नावं आणि कुठल्या गोळीने काय झालं ते लिहून एक्स-रेच्या पिशवीत ठेवलंय. मोरीत दांडी बसवून घेतली. आई त्यावर टॉवेल वाळत घालते.