सहा मिलिमीटरची सुरी

भाच्याने सुरी आणली ती मोज्यात गुंडाळून. मे महिन्यात घरच्या लग्नाला आला, गोव्याच्या मोपा विमानतळावरून थेट आमच्या सत्तरी तालुक्यातल्या केरीला, आणि अंगणात बॅग टाकल्या टाकल्या चहाही न घेता तिच्यात हात घालून बसला. सुरी केबिनमध्ये नेता येत नाही, मोठ्या बॅगेतच टाकावी लागते, त्यामुळे ती पोचली की नाही याचीच त्याला वाटभर धास्ती होती.

"तुला काय आणावं कळेना मामा. घड्याळ तू घालत नाहीस, अत्तर तुला चालत नाही."

मी सत्तावीस वर्षं आयटीआयमध्ये फिटर शिकवला. पोरांच्या हाती सुरुवातीचे कित्येक दिवस कानस आणि लोखंडाचा ठोकळा, दुसरं काही नाही. त्यामुळे हातात काही लोखंडी आलं की मी आधी मोजतो, धार नंतर. वर्नियर कपाटातून काढायला उठलो तेव्हा आतून आवाज आला, "अहो, चहा निवतोय."

पाठ भरली रंगासकट ६.४ मिलिमीटर, म्हणजे पाव इंची पट्टी. हे वाचून ज्यांना काहीच वाटलं नाही त्यांनी स्वयंपाकघरातली सुरी काढून मोजावी, ती सहसा दीड-दोन मिलिमीटरच्या वर जात नाही. पातं १३.३ सेंटिमीटर, एकूण लांबी २६.७, आणि भाजीच्या काट्यावर वजन ४५२ ग्रॅम. दिसायला फार मोठी नाही, पण उचलली की हात आपसूक खाली जातो. बायकोने उचलली, "ही सुरी की अर्ध्या किलोचं माप?" म्हणाली आणि कपबशीशेजारी ठेवून दिली.

कंपनीचं नाव मुद्दाम घालत नाही. जाहिरात करायची नाही, आणि पुढे मी जे कुरकुरणार आहे ते एकट्या त्या कंपनीचं पापही नाही. या जातीच्या सुऱ्यांचा स्वभावच तो.

जात कुठली, तर न मिटणारी. मिटणाऱ्या चाकूत सगळा जोर बिजागरीच्या एका पिनेवर येतो. ती पिन ढिली झाली की चाकू फळं कापण्यापुरता उरतो. हिच्यात पातं आणि मूठ मिळून एकच पट्टी आहे, मुठीच्या शेवटापर्यंत सलग गेलेली, आणि दोन्ही अंगांनी नायलॉन जातीच्या प्लास्टिकच्या फाका ॲलन बोल्टांनी आवळलेल्या. दुसऱ्या दिवशी मी ॲलन की लावून त्या उघडल्याच. भाचा "अरे मामा!" म्हणून धावला. आतली पट्टीही तेवढीच जाड, कुठे कंजुषी केलेली नाही. आमच्या कोयत्याचं तसं नसतं. त्याचं शेपूट निमुळतं, तापवून लाकडी मुठीत ठोकलेलं, मुठीच्या तोंडाला लोखंडी कडी. दोन पावसाळे झाले की मूठ हलायला लागते, मग पाचर मारायची. हिला पाचरेची गरज पडणार नाही हे मात्र खरं.

आता पोलाद. कागदावर लिहिलंय १०९५. अमेरिकन नावांच्या रीतीप्रमाणे पहिले १० म्हणजे साधं कार्बन पोलाद आणि पुढचे ९५ म्हणजे कार्बन ०.९५ टक्क्याच्या आसपास. कडकपणा ५६ ते ५८ रॉकवेल, असं कंपनी म्हणते. मी पाठीच्या कोपऱ्यावर जुनी कानस घासून बघितली. कानस धरते, पण मन लावून नाही. तीच कानस घरच्या कोयत्यावर खुशाल चालते. कोयता आमच्याकडच्या बहुतेक कोयत्यांसारखाच, ट्रकच्या कमानीच्या पाट्यातून लोहाराने काढलेला. आमच्या वर्कशॉपमध्ये भिंतीवर तक्ता होता, त्यात कमानीचं पोलाद ईएन-४५: कार्बन अर्धा-पाऊण टक्क्याच्या मधे, सिलिकॉन दीड ते दोन टक्के. म्हणजे धार लवकर उतरणार, पण दगडावर बसला तर तुकडा न उडता वळणार. वळलेली धार दगडावर घासून सरळ करता येते. उडालेल्या तुकड्याचं काय करणार?

यात चूक-बरोबर काही नाही. लाल तापवून तेलात किंवा पाण्यात बुडवलेलं पोलाद काचेसारखं होतं, कडक आणि ठिसूळ. मग पुन्हा बेताने तापवून ठिसूळपणा उतरवायचा. त्या वेळी घासलेल्या पोलादावर रंग चढत जातात: आधी गवती पिवळा, मग तपकिरी, जांभळा, शेवटी निळा. धारेच्या हत्याराला पिवळ्या-तपकिरीवर थांबायचं, स्प्रिंगेला निळ्यावर. माझा लोहार तक्ता वाचत नाही, पण संध्याकाळी कोयत्याला पाणी देत नाही, कारण त्या उजेडात रंग फसवतो म्हणतो. मी पोरांना तेच ट्यूबलाइटखाली शिकवत होतो. असो.

चार दिवसांनी पाडेली आला. महिन्या-दोन महिन्यांनी तो येतो आणि आमचे माड उतरवून देतो. कमरेला आकडी, आकडीत कोयता, आणि बोलणं अगदी बेताचं. मी सुरी पुढे केली. त्याने हवेत दोनदा फिरवली, पाठीवर अंगठा ओढला, आणि परत देत म्हणाला, "ही सुरी न्हय मास्तर, पारय."

पहार! राग आला, पण मग म्हटलं बघू. एक शहाळं घेतलं. त्याच्या कोयत्याचा एक तिरका घाव, दुसरा घाव, आणि टोपी उडाली. माझे पाच घाव झाले तरी सुरी सालीत रुतून बसलेली. ओढून काढताना शहाळं हातातून निसटलं आणि अर्धं पाणी माझ्या पायावर. पाडेली हसला नाही, ते जास्त लागलं.

असं का झालं, ते नंतर बोटावर तोलून बघितलं. ही सुरी मुठीच्या तोंडाशीच तोलली जाते, वजन हातातच राहतं. कोयता मुठीपासून चार बोटं पुढे तोलतो, चोचीकडचं वजन घाव स्वतः खाली घेऊन जातं, हाताने फक्त दिशा द्यायची. नेपाळ्यांची खुकरीही याच हिशोबाने पुढे जड असते. आणि दुसरं म्हणजे सव्वासहा मिलिमीटरची पाठ. काथ्या ओला असतो, चिवट असतो, तो फाटत नाही, दाबला जातो. त्यात पाचर घुसवली तर ती अडकणारच. तीन मिलिमीटरचं पातं त्यातून आरपार जातं. शहाळ्याशी या सुरीची सोयरीक जुळायची नाही.

फणसावर तर मी तिला एकदाच घातली. कापा फणस, चांगला दहा किलोचा. कापला गेला, उभा, दोन दाबांत. पण गंजू नये म्हणून पात्याला जो काळा खरखरीत थर दिलाय, त्या खरखरीत चीक असा बसला की खोबरेल, मग रॉकेल, मग राख, मग पुन्हा खोबरेल, आणि तरीही कोपऱ्यात हात लावला की बोट चिकटतं. आदोळीचं, म्हणजे आमच्या विळीचं, पातं गुळगुळीत असतं, तेल फिरवलं की चीक सुटतो. ज्याने हा थर शोधला त्याच्या परसात फणस नसावा.

आतापर्यंतचं वाचून वाटेल की मला ती आवडली नाही. मलाही तसंच वाटत होतं. मग पाऊस लागला.

सत्तरीत पाऊस लागला म्हणजे काय हे बाहेरच्याला सांगून कळत नाही. आमच्या न्हाणीत अजून भाण आहे, तांब्याचं, आणि आंघोळीचं पाणी त्यातच तापतं. गॅसचा गीझर मुलाने बसवलाय, तो पाहुण्यांसाठी. लाकडं पडवीत रचलेली, काजूची आणि किंदळाची. पण जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत वरची साल ओली होते, चूल धुमसते, डोळ्यांत धूर. कोरडं लाकूड आत असतं, ओंडक्याच्या पोटात. तिथे पोचायला कुऱ्हाड लागते, आणि न्हाणीच्या दारात, छपराखाली, कुऱ्हाड उगारायला जागा नाही. एकदा मी पन्हळ तोडलंय.

इथे ही सुरी कामाला आली. मनगटाएवढं लाकूड उभं ठेवायचं, वर सुरीची धार टेकवायची आणि पाठीवर दांडक्याने ठोकायचं. काजूचा सोटा घेतला, हातभर. पहिल्या ठोक्याला पातं बुडतं, दुसऱ्याला लाकूड कुरकुरतं, तिसऱ्याला सरळ दोन फाळ्या. जी जाडी शहाळ्यात नडली तीच इथे पाचरेचं काम करते, लाकूड कापत नाही, उलगडते. फाळ्यांच्या ढलप्या, ढलप्यांच्या काड्या, आणि आतलं लाकूड हाताला कोरडं, थोडं उबदार लागतं. किंदळाच्या एका गाठीत अडकली तेव्हा मी टोकाच्या बाजूला ठोकून ठोकून तिला आडवी पिरगळली. पातळ सुरी असती तर टिचलीच असती. हिने गाठ सोडवली आणि बाहेर आली. धारेवर भिंगाने बघितलं, तुकडा उडालेला नाही, नुसती मंदावली होती. कारखान्यातून धार एका बाजूला वीस अंशांची आली होती. मी ऑइलस्टोनवर तोच कोन धरून दहा मिनिटं पाजवली, कागद कापायला लागली.

गंजाचं मात्र काय सांगू. एका रात्री न्हाणीच्या खिडकीत विसरलो. सकाळी धारेवर, जिथे काळा थर नाही तिथे, नारिंगी ठिपके, रांगोळीसारखे. स्टेनलेस म्हणवून घ्यायला क्रोमियम निदान साडेदहा टक्के लागतं, हिच्यात ते नावालाच. भाच्याला फोटो पाठवला तर त्याचा निरोप: "मामा, कैरी काप." मला वाटलं थट्टा करतोय. पण तोरं, म्हणजे कोवळ्या कैऱ्या, खारवायला आणली होती त्यातली दोन कापली, रस तसाच राहू दिला, आणि धार निळसर काळी पडली. विळीची पडते तशीच. हा काळेपणा गंजाला थोडा आडवा येतो, पूर्ण नाही. आता वापरून झाली की पुसून खोबरेलाचा हात. म्यानात ठेवत नाही, कारण म्यान कडक प्लास्टिकचं आहे आणि आत एक थेंब गेला तरी तो पावसाळाभर तिथेच मुक्काम करतो.

शेजारच्याने विचारलं, याला लायसन लागत नाही का? शस्त्रांच्या २०१६ च्या नियमांत पात्याची मर्यादा लांबीला नऊ इंच आणि रुंदीला दोन इंच आहे, आणि घरकामाची, शेतीची हत्यारं त्यातून वगळलेली आहेत. ही सव्वापाच इंची. पण म्हणून ती कमरेला लावून वाळपईच्या बाजारात फिरावं असं कुणी सुचवू नये. पाडेल्याच्या आकडीकडे कुणी बघत नाही, कारण त्याच्या खांद्यावर दोरीही असते.

भाचा परत गेलाय. तो राहतो तिकडे त्याच्यासारखे लोक ही एकच सुरी घेऊन रानात जातात, चार दिवस राहतात, लाकूड फोडायला तीच, मासा साफ करायला तीच. एकच हत्यार नेता येत असेल तर मीही हीच नेईन. आमच्या घरात मात्र नारळाला आदोळी, माडाला कोयता, ओंडक्याला कुऱ्हाड, गवताला विळा, प्रत्येकाची खुंटी ठरलेली. हिची खुंटी मी न्हाणीच्या चुलीशेजारी ठोकली.

परवा सकाळी भाण पेटवायला गेलो तर खुंटी रिकामी. शोधत स्वयंपाकघरात गेलो. बायकोच्या डाव्या हातात सोललेला नारळ, उजव्या हातात सुरी, धार वर आणि पाठ खाली. नारळ फिरवत तिने मधोमध तीन ठोके दिले, चौथ्याला दोन सारख्या वाट्या झाल्या, पाणी अलगद पातेल्यात.

"ही इथेच राहू दे," ती म्हणाली. "तुम्ही लाकडाला दुसरं काहीतरी बघा."