कोरा रकाना

शिंपल्यांच्या शेतीजवळ बाहेरून आलेल्या समुद्री जातींवर नजर ठेवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा वाटलं: तराफ्यावर जायचं, बघायचं, लिहायचं. पहिला दोर वर ओढला आणि कळलं की त्यावर सगळं गाव बसलेलं असतं. बार्नकल, स्पंज, शेवाळ, नळीत राहणारे किडे. यात पाहुणा कोण नि घरचा कोण?

त्यासाठी पीव्हीसीच्या चौकोनी पट्ट्या पाण्याखाली मीटरभर टांगतात आणि दोन-तीन महिन्यांनी काढून बघतात. सँडपेपरने खरखरीत केलेली बाजू खाली ठेवायची, कारण वरच्या बाजूवर गाळ साचतो. मी पहिल्या खेपेला सगळ्या उलट्या टांगल्या. तीन महिने अक्षरशः पाण्यात.

दुसरी चूक जास्त लाजिरवाणी. पट्टीवरचा चिकट थर खरवडून मी तो तिथेच समुद्रात झटकला. डिडेम्नमसारख्या ट्युनिकेटचा, म्हणजे दोरावर चिकट थर करून वाढणाऱ्या समुद्री प्राण्याचा, तुटलेला तुकडाही दुसरीकडे चिकटून वाढू शकतो, आणि दोर साफ करताना घाण पाण्यात टाकू नका असं भाषण मी आदल्याच आठवड्यात दिलं होतं! तेव्हापासून बोटीत झाकणाची बादली असते.

तिसऱ्या खेपेला नखाएवढा एक शिंपला मिळाला. "आमचंच पिल्लू आहे, मॅडम," तराफ्याचे मालक म्हणाले. मलाही तेच हवं होतं. तरी तो उघडला, मांस काढलं, भिंगाखाली धरला. टोकदार चोचीच्या आत, अगदी कोपऱ्यात, एक इवलीशी पांढरी फळी. त्यांच्या शेतातल्या शिंपल्याला ती नसते. मायटिलॉप्सिस सॅलेई!

पोटात गोळा आला. ही जात मूळची कॅरिबियनकडची, साधारण महिन्याभरात वयात येते आणि गुच्छागुच्छाने दोर व्यापते. 1999 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या डार्विन इथे ती बोटींच्या गोद्यांमध्ये सापडली, तेव्हा गोद्यांचे दरवाजे बंद करून पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतावं लागलं. उघड्या समुद्रातल्या तराफ्याला कसला आलाय दरवाजा?

मग पाण्यातला डीएनएही तपासायला दिला. सोबत शुद्ध पाण्याचा नमुना असतो, त्यात काहीच सापडायला नको. त्यातही सापडलं! कुठेतरी माझ्याच हातून सरमिसळ झाली होती. अख्खी खेप बाद. तसंही या तपासणीत होकार आला तरी तो प्राणी जिवंत आहे की मेलेला, इथे वाढतोय की जहाजाच्या बॅलास्ट पाण्यातून (तोल राखायला जहाजात भरतात ते पाणी) त्याचा अंश आलाय, ते कळत नाही. माझा भरवसा पट्टीवरच.

"हे लिहिलंत तर माल कोण उचलेल?" मालकांनी विचारलं. माझ्याकडे गोड उत्तर नव्हतं. मी नोंद वर कळवली आणि त्यांनी कुरकुरत का होईना, शिंपल्यांचं बीज, म्हणजे वाढवायची पिल्लं, कुठून आणलं ते दाखवलं.

हा शिंपला आला कधी, हे मात्र सांगता आलं नाही. माझ्या आधीच्या वहीत कित्येक रकाने कोरे होते. पट्टी बघितली पण काही नव्हतं, की कुणी बघितलीच नाही? कोऱ्या जागेवरून काय कळणार?

पुढच्या दोन खेपांत काही मिळालं नाही. दुसऱ्या वेळी माझे हात ओले होते, म्हणून वही मालकांनीच घेतली. तारीख टाकली, क्षणभर थांबले आणि विचारलं, "शून्य लिहू ना?"