झोंगूतला डुमप्रा

उत्तर सिक्कीममधलं मंगन सोडलं की जीप तिस्तेपर्यंत खाली उतरते, नदी ओलांडते आणि पुन्हा चढाला लागते. पलीकडे झोंगू. हा भाग लेपचा या इथल्या आदिवासी जमातीसाठी राखीव, बाहेरच्यांना परवाना लागतो. (ऑक्टोबर २०२३च्या पुरात संकलांगचा पूल वाहून गेला, त्यामुळे रस्त्याची चौकशी करूनच निघा.)

झोंगूतल्या पासिंगडांग गावात होमस्टेच्या मालकांनी ‘खामरी’ म्हणत स्वागत केलं. अंगात जीन्स आणि जाकीट! पारंपरिक पोशाख पेटीत, सणासमारंभापुरता. आम्ही फारच मागे लागलो तेव्हा त्यांनी तो चढवून दाखवला. आधी पांढरा सदरा आणि पोटरीपर्यंतची सैल विजार, म्हणजे तोमू. त्यावर डुमप्रा: रंगीत पट्ट्यांचं हातमागाचं लांब वस्त्र. एक खांदा मोकळा ठेवून दुसऱ्यावर टाचायचं आणि कमरेला पट्ट्याने आवळायचं. कापणं नाही, बेतणं नाही. बाजूला लटकतो ‘बान’, म्हणजे लांब सुरा. त्याचं लाकडी म्यान एका अंगाने उघडंच असतं, पातं सरळ दिसतं. डोक्यावर काळ्या मखमली कडेची गोल टोपी, थ्याक्तुक. वेत-बांबूची विणलेली टोपी त्याहून जुनी. सिक्कीमच्या राजवाड्याचे पहारेकरी मोरपीस खोवून तसलीच घालत.

पुरुषाचं हे वस्त्र विणतात मात्र बायका. मालकांच्या आई पडवीत मागावर बसल्या होत्या. मागाचं एक टोक भिंतीला, दुसरं त्यांच्या कमरेमागच्या पट्ट्याला. त्या मागे रेलल्या की ताणा ताठ, पुढे झुकल्या की सैल. मी तिथून बराच वेळ हललो नाही. हात पोचतील तेवढाच पन्हा निघतो, म्हणून रुंद कापडासाठी पट्ट्या जोडाव्या लागतात.

पूर्वी सूत निघायचं ते सिस्नूपासून, म्हणजे अंगाला लागताच आग करणाऱ्या रानटी झाडापासून. खोड कापायचं, साल सोलायची, राखेच्या पाण्यात उकळायची, कुटायची, धुवायची आणि मग कातायची. त्यांनी दाखवलेला जुना तुकडा मळकट पांढरा आणि खरखरीत होता, पण चिवट. आता सूत आणि ॲक्रिलिक बाजारातून येतं. शहरी पाहुणे यावर हळहळतात. मला नाही वाटत तसं. एवढी मेहनत आपण करणार आहोत का?

गंगटोकला हस्तकला-हातमागाची सरकारी संस्था १९५७पासून आहे. तिथे उभ्या चौकटीच्या मागांवर हीच नक्षी रुंद पन्ह्यात निघते, पिशव्या आणि पट्टेही मिळतात. कमरेच्या मागाचं कापड हवं असेल, तर घडी उलगडून मधला जोड शोधा.