चौदा टिंबांचं पत्रक

जून लागला की जळगावात आमच्या डीटीपीच्या टेबलावर कृषी केंद्रांची पत्रकं येऊन पडतात. त्या दिवशीचं होतं बोर्डो मिश्रणाचं, म्हणजे मोरचूद (तांब्याचा निळा क्षार) आणि चुना कालवून करायच्या बुरशीनाशकाचं, लिंबू-मोसंबीवाल्यांसाठी. चौदा मुद्दे, प्रत्येकापुढे काळं टिंब. दिसायला एकदम झकास. दुकानदार प्रूफ बघायला आला तेव्हा सोबत एक बागाईतदार नाना होते. त्यांनी पान वरून खाली वाचलं आणि विचारलं, "भाऊ, यामा पहिले काय करानं शे?"

पहिलं टिंब होतं 'मिश्रण त्याच दिवशी वापरावे'. मोरचूद किती घ्यायचं ते सातव्यात. पाचव्यात लोखंडी भांडं वापरू नका, तर अकराव्यात लोखंडी खिळा बुडवा. नाना म्हणाले, यातलं एक चुकलंय. चुकलं काहीच नव्हतं. मोरचुदाच्या पाण्यात लोखंड गेलं की त्यावर तांबं चढतं. भांड्याला ते नको असतं, खिळ्यावर मात्र ते चढतं का, हेच बघायचं असतं. हे 'कारण' टिंबांच्या मधल्या फटीत पडून गेलं होतं.

पान मोडून पुन्हा बसवलं. टिंबं ठेवली फक्त साहित्याला, तिथे वर-खाली झालं तरी बिघडत नाही: १ किलो मोरचूद, १ किलो कळीचा चुना, १०० लिटर पाणी. एक टक्क्याचं प्रमाण. कृतीला आकडे दिले. आधी मोरचूद प्लास्टिकच्या ड्रममध्ये ५० लिटर पाण्यात विरघळवा, मग चुना वेगळा विझवून, थंड करून, उरलेल्या ५० लिटरमध्ये कालवा आणि गाळा, मग दोन्ही एकत्र ओतत ढवळा, मग खिळा. मूळ मजकुरात ओतणं, ढवळणं, खिळा आणि 'लालसर थर आल्यास चुना वाढवा' हे सगळं एकाच टिंबात कोंबलेलं. ही चुना वाढवायची ओळ नजरेतून सुटली तर मोकळं तांबं राहतं आणि झाडाची पानं करपतात. तिला स्वतंत्र आकडा दिला.

क्रियापदंही सारखी केली. कुठे 'वापरावे', कुठे 'टाका', कुठे नुसतं 'गाळणे' अशी खिचडी होती.

दुकानदाराला टिंबांऐवजी बरोबरच्या खुणा हव्या होत्या, 'भारी दिसतात' म्हणून. बरोबरची खूण म्हणजे झालेलं काम, करायचं नव्हे, नाही म्हटलं. शिवाय विंगडिंग्ज या चिन्हांच्या फॉन्टमधली ती खूण फॉन्ट बदलला की भलतंच अक्षर होऊन बसते, हा त्रास आम्ही रोजच काढतो.

शेवटी पानाच्या तळाशी चार बोटं जागा उरली. तिथे त्याने दुकानाचा फोन नंबर मोठा करून घेतला.